आपला अंगठा, आपलं नाव

(ग्रामसभांच्या प्रतिनिधींच्या बैठकीत संघटनेच्या वतीने केलेलं भाषण. बोललं गेलं तसं उतरवून घेतलं आहे. गोटुलात किंवा ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावं.)

गावागावांतून आलेल्या माय-बहिणींनो, पाटील, गायता, भूमिया आणि वनहक्क समितीच्या साथींनो,

सकाळपासून तेंदूचा हिशेब झाला, बांबूचा झाला, सामूहिक वनहक्काच्या दाव्यांचं बोलणं झालं. आता थोडा वेळ एका वेगळ्या चोरीबद्दल बोलू. बैल चोरीला गेला तर गोठा रिकामा दिसतो. जमीन दाबली तर धुरा सरकलेला दिसतो. ही चोरी अशी आहे की वस्तू आपल्याजवळच राहते आणि तरी चोरीला जाते. अंगठा आपल्या हाताला असतो, आधार कार्ड घरच्या पेटीत असतं, आणि तिकडे आपल्या नावाने कोणी पैसे काढतो, कोणी धान विकतो, कोणी सिम घेतो, कोणी नोकरीलाही लागतो.

हा विषय आम्ही का घेतला ते सांगतो. एका गावची म्हातारी माय आमच्याकडे आली. तेंदूची मजुरी तिच्या खात्यात जमा झाली होती. बँक लांब, म्हणून ती बाजाराच्या दिवशी मशीनवाल्याकडे गेली. त्याने बोट ठेवायला लावलं. म्हणाला, "ठसा नाही उमटून राहिला माय, पुन्हा ठेव." तिने ठेवलं. "आता दुसरं बोट ठेव." तेही ठेवलं. मग म्हणाला, "सर्व्हर डाऊन हाय, पुढच्या बाजाराले ये." ती तशीच चालत घरी गेली. पुढच्या बाजाराला कळलं की खात्यात काहीच नाही. पासबुक भरून आणलं, तर त्याच दिवशी दोनदा पैसे निघालेले. मायने आम्हाला एकच विचारलं. "बोट तं माझंच होतं ना बाबू. मंग चोरी कशी म्हणू?"

आज जे बोलायचं आहे, ते मायच्या या प्रश्नाला उत्तर म्हणून.

अंगठा हे जुनं हत्यार आहे. 1858 साली बंगालात हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सडकेच्या सामानाचा करार करताना ठेकेदाराच्या हाताचा ठसा कागदावर घेतला. कशासाठी? उद्या त्या माणसाने "ही सही माझी नाही" म्हणू नये यासाठी. म्हणजे सरकारी कामात ठसा आला तोच देणाऱ्याला बांधून ठेवायला. घेणाऱ्याला बांधायला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

आपल्या भागात अंगठ्याने काय केलं ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. दोन कुडो धान उधार घेतलं, कोऱ्या कागदावर अंगठा दिला, पुढे त्याच कागदावर जमीन लिहिली गेली. अशा जमिनी इतक्या गेल्या की सरकारलाही कायदा करावा लागला. 6 जुलै 1974 पासून जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. आणि 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा 1 नोव्हेंबर 1975 ला लागू झाला. काहींच्या जमिनी परत मिळाल्या, पुष्कळांच्या राहिल्या. कायदा झाला म्हणून कोरा कागद थांबला का? नाही. त्याने रूप बदललं.

आता कागदाच्या जागी मशीन आली. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला दिलं गेलं, ते आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली नावाच्या आदिवासी गावात. गरिबाला ओळख मिळेल, मधला दलाल जाईल, असं सांगितलं. ओळख मिळाली. आज निराधारचे पैसे, घरकुल, रोजगार हमीची मजुरी, लाडकी बहीण, सगळं थेट खात्यात येतं, हे आम्ही नाकारत नाही. पण दलाल गेला नाही. तो आता मशीन घेऊन बसला आहे.

ही मशीन कशी चालते ते नीट समजून घ्या. तिला तीन गोष्टी लागतात: बँकेचं नाव, आधारचा नंबर आणि तुमचं बोट. चेक लागत नाही, गुप्त नंबर लागत नाही, मोबाईलवर येणारा ओटीपीही लागत नाही. मशीनला आवाज नसतो. "शिल्लक पाहतो" म्हणून बोट घेतलं तरी तेच बोट, आणि "पाच हजार काढतो" म्हणून घेतलं तरी तेच बोट. ज्याला पडद्यावरचं वाचता येत नाही, त्याच्यासाठी दर वेळचा अंगठा हा कोरा कागदच आहे.

आणि बोट समोर असलंच पाहिजे असंही नाही. सिरोंच्याच्या पलीकडे तेलंगणात, पेद्दपल्ली जिल्ह्यात, 2018 साली एक सिमवाला पकडला गेला. त्याने सरकारी संकेतस्थळावरून जमिनीच्या नोंदणीचे कागद उतरवले, त्यावरच्या ठशांवरून रबरी ठसे बनवले आणि लोकांच्या नावावर हजारो सिम चालू केले. ज्यांचे ठसे होते त्यांना पत्ताही नाही. म्हणून कागदावर स्पष्ट उमटलेला अंगठा आणि त्याच कागदावर आधारचा पूर्ण नंबर, हे दोन्ही एकत्र अनोळखी माणसाच्या हाती पडणं म्हणजे घराची किल्ली आणि घराचा पत्ता एकदम देणं.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत ही चोरी कुठे कुठे शिरते, तेही पाहू.

धानाच्या वेळी व्यापारी गावात येतो. म्हणतो, "दादा, तुझा सातबारा पडूनच हाय. आधार अन् पासबुक दे, तुले शे-पाचशे देतो." मग बाहेरून स्वस्तात घेतलेलं धान तो आपल्या नावावर आधारभूत केंद्रात विकतो. बोनस आपल्या खात्यात आला की आपल्यालाच सोबत नेऊन काढून घेतो. पुढे काय होतं? आपलं खरं धान न्यायला गेलो तर सातबाऱ्यावरची मर्यादा संपलेली. चौकशी लागली तर कागदावर नाव आपलं, व्यापाऱ्याचं कुठेच नाही. इथे आपण फसतोच, वरून आरोपीही होतो. शे-पाचशे रुपयांत आपलं नाव भाड्याने देऊ नका.

रोजगार हमीचं जॉबकार्ड ग्रामसेवकाकडे किंवा मेटकडे ठेवायची पुष्कळ गावांत सवय आहे. हे चूक आहे. जॉबकार्ड कुटुंबाकडेच राहिलं पाहिजे. कार्ड दुसऱ्याच्या कपाटात असलं की जो माणूस कामाला गेलाच नाही, किंवा जो दोन वर्षांमागे वारला, त्याचीही हजेरी लागते.

मोबाईल हातात असलेली पोरं म्हणतील, आमचं असं होत नाही. होतं. त्यांच्याकडे अंगठ्याच्या जागी लिंक येते. व्हॉट्सअॅपवर कोणी "किसान योजनेची केवायसी करा", "लाडकी बहीणची यादी पाहा" म्हणून एक फाईल पाठवतो. तिच्या नावाच्या शेवटी एपीके अशी अक्षरं असतात. ती दाबली की मोबाईलमधले मेसेज आणि ओटीपी चोराला दिसू लागतात. ओळखीच्या माणसाकडून आली तरी दाबू नका, कारण त्याचाही मोबाईल आधी तसाच गेलेला असतो.

आणि सगळ्यात जुनी चोरी जमातीच्या नावाची. आदिवासी नसलेला माणूस आदिवासीचा दाखला काढतो आणि आपल्या पोराची जागा घेतो. 2001 च्या राज्याच्या कायद्याने असा दाखला रद्द होतो आणि शिक्षाही आहे. जुलै 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी, कितीही वर्षं झाली तरी, टिकवता येत नाही. पण खोटा दाखला बनवायला खरा पुरावा कोणाचा तरी लागतो. वडिलांकडच्या नातेवाईकाची वैधता हा पडताळणीत मोठा पुरावा धरतात. म्हणून आडनाव जुळतं म्हणत कोणी शहरातला "दूरचा भाऊ" येतो, चहा पितो आणि वंशावळ, शाळेचा जुना दाखला, वैधता प्रमाणपत्राची झेरॉक्स मागतो. देवाण-घेवाण, सोयरिक, देव किती, कुठल्या गावचे, हे आपली म्हातारी माणसं एका मिनिटात विचारून सांगतात खरा कोण. त्यांना विचारल्याशिवाय वंशावळीचा कागद घराबाहेर जाऊ देऊ नका.

आता आमच्याच घरातली गोष्ट. दुसऱ्याला बोलण्याआधी आपली चूक सांगितली पाहिजे. वनहक्काचे दावे भरताना आम्ही गावोगाव फिरलो. प्रत्येक दाव्यासोबत आधारची झेरॉक्स घेतली, अर्जावर अंगठे घेतले. दोन जास्तीच्या प्रती "असू द्या, लागतील" म्हणून ठेवल्या. दावे तालुक्याला गेले, आणि जास्तीच्या प्रती आमच्या कार्यालयात गठ्ठे बांधून राहिल्या. दार साधं, कुलूप साधं, येणारे-जाणारे पुष्कळ. त्या मायची गोष्ट ऐकल्यावर आम्ही ते गठ्ठे उघडून बसलो. पाहिलं तर किती घरांची नावं, नंबर आणि अंगठे आम्ही उघड्यावर ठेवले होते! काही चोरीला गेलं नाही, हे आमचं नशीब. पण लोकांनी विश्वासाने दिलेली वस्तू आम्ही नीट राखली नव्हती. ज्यांचे कागद त्यांना ते परत द्यायला सुरुवात केली आहे. जे परत देता येत नाहीत, ते दोन ग्रामसभा सदस्यांसमोर जाळू. यापुढे संघटनेचा कार्यकर्ता जास्तीची झेरॉक्स मागेल तर त्यालाही द्यायची नाही. आम्हालाही विचारा.

काय विचारायचं? तीनच गोष्टी. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही पाठ होतील अशा.

एक, कशासाठी? अंगठा, आधार, सातबारा, पासबुक, काहीही मागितलं तर कुठल्या कामासाठी ते आधी विचारायचं. उत्तर नीट आलं नाही तर हात मागे घ्यायचा.

दोन, वाचून दाखव. कागद असो की मशीनचा पडदा, त्यावर काय आहे, आकडा किती आहे, ते मोठ्याने वाचायला लावायचं. सोबत शाळेत जाणारी नात असली तरी पुरे. तिला पडदा पाहू द्या. कोऱ्या कागदावर किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर अंगठा द्यायचाच नाही.

तीन, पावती दे. मशीनमधून दर वेळी चिठ्ठी निघते. पैसे निघाले तरी, नाही निघाले तरी. "ठसा आला नाही" म्हणाला तर तशी चिठ्ठी मागा, आणि ती मिळाल्याशिवाय दुसऱ्यांदा बोट ठेवू नका. आपली बोटं बांबू तोडून, तेंदू तोडून, शेतात राबून झिजलेली असतात. ठसा खरंच न उमटणं नवं नाही. म्हणूनच चोराला ते बहाणं सापडतं. राशन दुकानातही हेच. बोट उमटत नाही म्हणून तुमचं धान्य नाकारता येत नाही, दुसरी सोय करून देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

याशिवाय काही कामं या महिन्यातच करून घ्या. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवी रेघ मारून लिहा: "फक्त अमुक कामासाठी", आणि तारीख टाका. आधारचे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रतही मिळते, जिथे चालते तिथे तीच द्या. बँकेत जाऊन विचारा, "माझ्या खात्याला कोणाचा मोबाईल जोडला हाय?" पुष्कळांच्या खात्याला खातं काढून देणाऱ्याचाच नंबर जोडलेला असतो. मग पैसे निघाल्याचा मेसेज चोरालाच जातो. आपला किंवा घरच्या विश्वासू माणसाचा नंबर जोडून घ्या. महिन्यातून एकदा पासबुक भरा.

आधारच्या बोटांना कुलूपही लावता येतं. आधारच्या मोबाईल अॅपवरून किंवा संकेतस्थळावरून ते करता येतं. त्यासाठी आधारला आपला मोबाईल जोडलेला पाहिजे. कुलूप लागलं की तुमच्या बोटाने कुठल्याच मशीनवर पैसे निघत नाहीत. पण एक अडचण आहे ती लपवत नाही. कुलूप असताना राशनच्या मशीनवरही बोट चालत नाही, ते आधी उघडावं लागतं. ज्यांच्या गावात नेटवर्कच नाही, भामरागड, एटापल्लीकडची गावं, त्यांनी हे करण्याआधी विचार करा. ज्या घरात शिकलेलं पोरगं आणि चालणारा मोबाईल आहे, त्यांनी जरूर करावं.

आता चोरी झालीच तर. लाजू नका आणि थांबू नका. लगेच 1930 या नंबरवर फोन करा, हा पैशाच्या ऑनलाइन फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. आधारची तक्रार असेल तर 1947. मग बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेचा 6 जुलै 2017 चा नियम सांगतो: बँकेची किंवा तिच्या माणसाची चूक असेल तर ग्राहकाचं नुकसान शून्य. तिसऱ्याच कोणी फसवलं आणि आपण बँकेचा निरोप मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तरी शून्य. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करणं बँकेचं काम आहे, आपलं नाही. मशीन घेऊन बसणारा बँक मित्र हा बँकेचाच माणूस. "तो आमचा नाही" असं शाखेत कोणी म्हणालं तर तेच लिहून द्या म्हणा.

पोलिसांत जायला आपली माणसं कचरतात. का कचरतात ते इथे सगळ्यांना माहीत आहे. एकटं जाऊ नका. ग्रामसभेचे चार जण सोबत जा, अर्ज लिहून न्या, वाचून घ्या, प्रत घ्या. गुन्हा कुठेही घडला असला तरी जवळच्या ठाण्यात तो नोंदवून घ्यावाच लागतो. दुसऱ्याची ओळख अशी वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 क खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

शेवटी एक मोठी गोष्ट. माणसाची ओळख चोरता येते, तशी गावाचीही चोरता येते. मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 27 एप्रिल 2011 ला बांबूचं वाहतूक परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. त्यानंतर आपल्या कितीतरी गावांनी ते केलं. आज ग्रामसभेच्या शिक्क्यावर तेंदूचा, बांबूचा सौदा होतो. म्हणजे आता आपल्या शिक्क्याला किंमत आहे. आणि ज्याला किंमत आहे ते चोरीला जातं. शेजारच्या छत्तीसगडात हसदेवच्या गावांचे लोक ऑक्टोबर 2021 मध्ये तीनशे किलोमीटर चालत रायपूरला गेले. त्यांची तक्रार हीच होती की कोळसा खाणीसाठी जोडलेले ग्रामसभेचे ठराव खोटे आहेत, आम्ही असा ठराव केलाच नाही. एका माणसाच्या अंगठ्याने खातं रिकामं होतं. गावाच्या अंगठ्याने जंगल जातं.

म्हणून ठरावाचं पुस्तक आणि शिक्का एकाच माणसाच्या घरी ठेवू नका. पुस्तक एकाकडे, शिक्का दुसऱ्याकडे, शक्य असेल तर शिक्का बाईकडे. ठराव लिहून झाला की खाली रेघ ओढा, पानावर कोरी जागा सोडू नका. अंगठे घेण्याआधी ठराव आपल्या भाषेत, गोंडीत, माडियात, कोलामीत, वाचून दाखवा. कोऱ्या पानावर "नंतर लिहू" म्हणून हजेरीच्या सह्या घेणं आजपासून बंद.

त्या मायकडे परत येतो. तिच्यासोबत आम्ही बँकेत गेलो, अर्ज दिला, पोच घेतली. प्रकरण अजून चालू आहे, पैसे मिळालेले नाहीत. मिळतील तेव्हा याच पत्रकात छापू, नाही मिळाले तर तेही छापू. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही तिला दिलं आहे, तेच तुम्हाला देतो. माय, बोट तुझं होतं, पण काम तू सांगितलेलं नव्हतं. तुझ्या बोटाने दुसऱ्याने आपलं काम केलं, तर ती चोरीच. तिला चोरीच म्हणायचं, मोठ्याने म्हणायचं, आणि ग्रामसभेत सगळ्यांसमोर म्हणायचं.

कशासाठी? वाचून दाखव. पावती दे. घरी जाऊन पोरांना पाठ करून द्या.

जय सेवा!